हाक्याचं तिकीट आणि नदीची मालकी

नोव्हेंबर २०२४ मध्ये हाना-रावहिती मायपी-क्लार्क या २२ वर्षांच्या खासदाराने न्यूझीलंडच्या संसदेत विधेयकाची प्रत टरकावली आणि तिथेच हाका हा पाय आपटत, गर्जत करायचा समूहनाच सुरू केला. न्यूझीलंडचे मूळ रहिवासी असलेल्या माओरींशी १८४० साली झालेल्या वाइटांगी कराराचा अर्थ नव्याने ठरवू पाहणारं ते विधेयक होतं. ती चित्रफीत आपल्याकडेही नातेवाइकांच्या ग्रुपपर्यंत पोचली आणि मग न्यूझीलंड फिरून आलेल्या मंडळींमध्ये एक वाद पेटला. एका बाजूचं म्हणणं, हा खरा हाका. आम्ही रोटोरुआला जेवणाआधी पाहिला तो पैशाचा खेळ. सकाळी राफ्टिंग, दुपारी झोर्बच्या फुगवलेल्या गोळ्यातून घरंगळणं आणि संध्याकाळी ‘संस्कृती’, तीही बुफेसकट. दुसरी बाजू म्हणते, नाकं कशाला मुरडता? पर्यटक आले म्हणून तर हे सगळं टिकलं, नाहीतर केव्हाच संपलं असतं. दोन्ही बाजूंना आपलं म्हणणं इतकं उघड सत्य वाटतं की रोटोरुआत नेमकं काय घडलं हे पाहायला कुणी थांबत नाही.

रोटोरुआ हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं तळ्याकाठचं गाव. गंधकाचा वास हॉस्टेलच्या डॉर्मपर्यंत येतो आणि फुटपाथशेजारच्या कुंपणातून वाफ निघत असते. बॅकपॅकरांच्या बसचा हा ठरलेला मुक्काम, कारण दोन दिवसांत इथे सगळं उरकता येतं: काइतुना नदीवर सात मीटरचा धबधबा राफ्टमधून उतरायचा, नोंगोताहा डोंगरावरून लूजच्या गाड्यांवर घसरायचं, रेडवुडच्या जंगलात सायकल हाणायची आणि एक संध्याकाळ माओरींसाठी राखून ठेवायची. गावातल्या दर दहा माणसांत सुमारे चार माओरी आहेत, हे बरेच जण परत जाईपर्यंत लक्षात घेत नाहीत.

माझं म्हणणं थोडक्यात असं. रोटोरुआत संस्कृती विकली जाते का, हा प्रश्न फोल आहे. ती दीडशे वर्षं विकली जातेय आणि विकणाऱ्यांनी ते कधी लपवलेलं नाही. विचारायचं असेल तर हे विचारा की गल्ल्यावर कोण बसलंय, आणि काय दाखवायचं नाही हे कोण ठरवतं. आणि हे विचारायचंच, तर संध्याकाळच्या हाक्याआधी सकाळच्या राफ्टबद्दल विचारा. ज्याला आपण नुसतं ‘साहस’ म्हणून बाजूला काढतो, मालकीचा खरा झगडा त्याच अर्ध्या भागात झालाय.

‘आता सगळं बाजारू झालं’ या वाक्यातला ‘आता’ आधी तपासू. १८७० आणि ८० च्या दशकांत युरोपातून बोटीने महिनोन्‌महिने प्रवास करून लोक इथे यायचे ते रोटोमहाना सरोवराकाठच्या गुलाबी आणि पांढऱ्या पायऱ्या पाहायला. सिलिकाचे थर साचून बनलेली ती निसर्गाची करामत होती. तिथवर नेणारे वाटाडे, होड्या, रात्रीचा हाका, सगळं तुहोउरांगी या माओरी टोळीच्या हाती होतं. सोफिया हिनेरांगी ही त्यांची नावाजलेली वाटाडी. फोटो काढायचा? त्याचे वेगळे पैसे. गोऱ्या प्रवाशांनी त्यांच्या लोभीपणाबद्दल कुरकुर केली. कुरकुर करणाऱ्यांत स्वतःच्या देशात ऑपेराचं तिकीट काढून बसणारेही असणारच. त्यांच्या ‘ते वाइरोआ’ नावाच्या गावातल्या हिनेमिही या कोरीव सभागृहात मूर्तींच्या डोळ्यांत नेहमीच्या शिंपल्यांऐवजी सोन्याची नाणी बसवली होती. पर्यटकांच्या पैशाने आलेली सुबत्ता त्यांनी पूर्वजांच्या डोळ्यांत घातली. याला बाटणं म्हणायचं की मिरवणं?

१० जून १८८६ च्या पहाटे तारावेरा ज्वालामुखी फुटला. पायऱ्या गेल्या, गाव राखेखाली गेलं, सुमारे १२० माणसं मेली, त्यांतले बहुतेक माओरी. वाचलेल्या तुहोउरांगींना व्हाकारेवारेवाच्या नातेवाइकांनी आपल्याकडे बोलावलं आणि उकळत्या झऱ्यांच्या त्या गावात त्यांनी वाटाड्याचा धंदा पुन्हा उभा केला. हिनेमिहीच्या गाभाऱ्यात त्या रात्री माणसं तगली होती. ते सभागृह काही वर्षांनी गव्हर्नर लॉर्ड ऑन्स्लो यांनी विकत घेऊन इंग्लंडमधल्या आपल्या सरे परगण्यातल्या बागेत नेऊन ठेवलं. दरम्यान रोटोरुआ गावाची जमीन नाती व्हाकाउए टोळीने १८८० च्या करारानुसार भाडेपट्ट्याने दिलेली होती, मालकी आपल्याकडे ठेवून. भाडेकऱ्यांनी भाडं थकवलं आणि १८९० च्या आसपास सरकारनेच ती विकत घेतली. १९०१ मध्ये न्यूझीलंडने पर्यटनाचं स्वतंत्र सरकारी खातं काढलं, जगातल्या अशा पहिल्या खात्यांपैकी एक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकारने व्हाकारेवारेवाला एक नमुना किल्ला बांधला, ज्यात कुणी राहत नव्हतं. खोटेपणा शोधायचाच असेल तर तो इथे सापडतो, आणि तो तिकिटामुळे आलेला नाही. माओरी कसे दिसावेत हे त्या किल्ल्यात दुसऱ्याने ठरवलं होतं.

त्याच गावात त्याच काळात माकेरेटी होती, पर्यटकांची मॅगी पापाकुरा. १९०१ मध्ये तिने पुढे पाचवे जॉर्ज झालेल्या राजपुत्राला झरे दाखवले. १९१० मध्ये आपल्या गावच्या लोकांचं पथक घेऊन ती सिडनीला गेली, पुढच्या वर्षी लंडनला. तिकीट लावून नाच-गाणी. पुढे ती इंग्लंडातच राहिली आणि ऑक्सफर्डमध्ये मानववंशशास्त्र शिकली, आपल्याच लोकांवर प्रबंध लिहिला, आणि तो सादर करण्याआधीच १९३० मध्ये वारली. २०२५ मध्ये ऑक्सफर्डने तिला मरणोत्तर पदवी दिली. आता या बाईला कुठल्या खान्यात घालणार? संस्कृती विकणारी की अभ्यासणारी? तिला स्वतःला त्यात काही तिढा वाटत होता असं दिसत नाही. जी माहिती ती पर्यटकाला गरम झऱ्याकाठी सांगायची, तीच तिने ग्रंथालयात बसून नीट लिहिली, कारण परक्यांनी लिहिलेलं तिला पटत नव्हतं.

तरीही विरोधकांचे दोन मुद्दे मी मनापासून मान्य करतो.

पहिला असा की रोजचा खेळ पवित्र गोष्टीला झिजवतो. संध्याकाळच्या कार्यक्रमात पाहुण्यांच्या स्वागताचा विधी होतो. भालाधारी योद्धा डोळे वटारत पुढे येतो, जमिनीवर पानाची डहाळी ठेवतो. बसमधल्या लोकांनी निवडलेला ‘सरदार’, हाफ पँट आणि कमरेला पाऊच अशा अवतारात, वाकून ती उचलतो. हसायचं नाही, असं चालकाने आधीच बजावलेलं असतं. तरी मागच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसतंच. पाहताना मलाही अवघडायला झालं. पण अवघडलेपण हा युक्तिवाद नव्हे. आपल्याकडे कीर्तनकार बिदागी घेतो, एकाच सप्ताहात दोन गावांत तेच आख्यान लावतो, तरी त्याच्या निरूपणाला कुणी खोटं म्हणत नाही. पैसे घेतल्याने विधी खोटा होतो हा नियम आपण फक्त दुसऱ्यांच्या विधींना लावतो. शिवाय माओरींनी हात राखून दाखवलेलं आहे. व्हाकारेवारेवाच्या वस्तीत आजही कुटुंबं राहतात. पर्यटक वाळत घातलेले कपडे पाहतात, उकळत्या कुंडात शिजवलेलं मक्याचं कणीस खातात, जमीन तापलेली असल्यामुळे वर बांधलेली थडगी लांबून पाहतात. गेट बंद झालं की लोक आपल्या सामाईक गरम हौदांत आंघोळीला उतरतात. ते तिकिटात नाही. मयताचे दिवस तिकिटात नाहीत. पुलावरून ओढ्यात उड्या मारून पर्यटकांनी टाकलेली नाणी वर काढणारी पोरं मात्र दिसतात, पिढ्यान्‌पिढ्या दिसताहेत, आणि त्याबद्दल माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. त्यांच्या आज्या त्याच पुलावरून उडी मारायच्या आणि ती आठवण अभिमानाने सांगतात, एवढं खरं.

दुसरा मुद्दा जास्त वजनाचा आहे: असले कार्यक्रम माओरींना काळात गोठवतात. पाहुणा परत जातो तो गवती झगा, गोंदवलेला चेहरा आणि बाहेर काढलेली जीभ डोक्यात घेऊन. माओरी वकील, नर्स, खासदार त्या चित्रात बसतच नाहीत. म्हणूनच संसदेतला हाका पाहून लोक दचकले. सुटाबुटातल्या सभागृहात ही माणसं काय करताहेत, असं त्यांना वाटलं. आणि गंमत अशी की संसदेत झाला तो ‘का माते’ म्हणजे अगदी तोच हाका, जो रग्बीच्या मैदानावर आणि पर्यटकांपुढे होतो. जे शब्द एका जागी ‘खरे’ आणि दुसऱ्या जागी ‘खोटे’ ठरतात, तिथे दोष शब्दांत नसून पाहणाऱ्याच्या अपेक्षेत असतो. पण गोठवण्याचा आरोप खोडून काढायला एवढं पुरेसं नाही. त्याचं उत्तर पडद्यामागे आहे. रोटोरुआच्या ‘ते पुइया’ या पर्यटन केंद्रात १९६७ पासून कोरीवकामाची शाळा चालते आणि नंतर विणकामाची सुरू झाली. पोहुतु गरम फवारा पाहायला आलेल्यांच्या तिकिटाच्या पैशावर तिथली मुलं पटाशी धरायला शिकतात आणि मग देशभरच्या गावांत जाऊन सभागृहं कोरतात, दुरुस्त करतात. ती सभागृहं पर्यटकांसाठी नाहीत. तिथे लग्नं होतात, मयत ठेवली जाते, जमिनीची भांडणं सुटतात. २०२० मध्ये कायदा करून ही संस्था सरकारकडून स्थानिक टोळ्यांच्या हाती दिली गेली. त्या एका सहीनंतर रंगमंचावर काही बदललं असं कुणा पाहुण्याच्या लक्षातही आलं नसेल. बदलला तो हिशेब.

मग दुसऱ्या बाजूचं बरोबर, पर्यटनाने संस्कृती वाचवली? नाही, आणि हे म्हणणं तर मला पहिल्यापेक्षा जास्त खटकतं. १८६७ पासून सरकारी शाळांचा भर इंग्रजीवर होता, माओरी बोलल्याबद्दल पोरांनी छड्या खाल्ल्या, आणि त्याच दशकांत पर्यटकांसाठी माओरी गाणी जोरात चालू होती. गाणी टिकली आणि भाषा घरातून जात राहिली. ती परत आणली माओरी आज्यांनी आणि आयांनी, १९८२ पासून निघालेल्या बालवाड्यांत फक्त माओरी बोलून. १९८७ मध्ये तिला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला तो आंदोलनांमुळे आणि वाइटांगी करार मोडल्याच्या तक्रारी ऐकणाऱ्या न्यायाधिकरणापुढच्या दाव्यामुळे. एकाही टूर कंपनीचा त्यात वाटा नाही. १९२० च्या दशकात वाइकाटोच्या माओरी नेत्या ‘ते पुएआ’ यांनी गाण्या-नाचाचं पथक काढून गावोगावी तिकीट लावलं, ते तुरांगावाएवाए इथे आपल्या लोकांचं केंद्र उभारायला पैसा हवा होता म्हणून. बाजाराने संस्कृती जगवली, असं तिथे म्हणता येत नाही. संस्कृतीने आपल्या कामासाठी बाजाराला जुंपलं होतं.

आता त्या सकाळच्या अर्ध्या भागाकडे, जिथे कुणी वाद घालत नाही.

काइतुनावर राफ्ट पाण्यात लोटण्याआधी काही कंपन्यांचे गाइड थांबतात, वल्ही आडवी धरायला सांगतात आणि कराकिया म्हणतात, म्हणजे प्रार्थना. हेल्मेटचे पट्टे आवळत, दात वाजवत लोक उभे असतात. बऱ्याच जणांना तो कार्यक्रमाचा भाग वाटतो. तुतेआचा धबधबा येतो, सात मीटर खाली, राफ्ट नाकावर आपटते, सगळे किंचाळतात, फोटो निघतो. आता पाण्याबद्दल. १९८० च्या सुमारास रोटोरुआचं सांडपाणी प्रक्रिया करून थेट काइतुनात सोडायचं घाटत होतं, नळ टाकून. तळं वाचवायचं म्हणून नदीचा बळी. नाती पिकिआओ टोळीने वाइटांगी न्यायाधिकरणाकडे दाद मागितली. मैल्याचं पाणी कितीही शुद्ध केलं तरी ज्या नदीतून आम्ही अन्न काढतो, जिच्या काठी आमचे मृत आहेत, तिच्यात ते मिसळणं आम्हाला अपमान आहे, असा त्यांचा युक्तिवाद होता. न्यायाधिकरणाने १९८४ मध्ये तो उचलून धरला. पुढे सांडपाणी नदीऐवजी जमिनीवर, व्हाकारेवारेवाच्या जंगलात फवारून जिरवायचा मार्ग निघाला. आज जगभरचे बॅकपॅकर ज्या पाण्यात डोकं बुडवून हसत वर येतात, ते पाणी तसं आहे ते एका टोळीने ‘आमचा विधी, आमची शिवाशिव’ असं सरकारी कागदावर मांडण्याचं धाडस केल्यामुळे. राफ्टिंग आणि माओरी संस्कृती यांना दोन वेगळी तिकिटं आहेत, हे फक्त ब्रोशरमध्ये.

गरम फवाऱ्यांचंही तसंच. हॉटेलं आणि घरं यांनी फुकटच्या उष्णतेसाठी इतक्या बोअर मारल्या की १९७०-८० च्या दशकांत फवारे मंदावले, काही बंदच पडले. १९८६ मध्ये सरकारने पोहुतुपासून दीड किलोमीटरच्या आतल्या बोअर बंद करायचा आदेश काढला. गावात केवढा आरडाओरडा झाला! पण पाणी परत वर चढलं. एकेका खोलीला स्वतःचं गरम टबबाथ पाहिजे या ‘साध्या’ सोयीने जे मरत होतं, त्यापुढे स्टेजवरच्या नाचाने होणारं नुकसान किती?

आणि मालकी? नोंगोताहा हा ‘ते आरावा’ या रोटोरुआ भागातल्या टोळ्यांच्या समूहाच्या कथांमधला परीलोकांचा डोंगर, तिथे १९८५ पासून लूज चालते ती क्वीन्सटाउनमध्ये मोठ्या झालेल्या स्कायलाइन कंपनीची. कंपनीने काही चोरलं असं माझं म्हणणं नाही. भांडवल घातलं, धोका पत्करला, गावातल्या पोरांना नोकऱ्या दिल्या. न्यूझीलंडमध्ये साहसाचा धंदा फोफावला त्यामागे १९७४ पासूनची अपघात भरपाईची सरकारी योजनाही आहे. जखमी झालेल्याचा खर्च देश उचलतो आणि तो सहसा भरपाईसाठी दावा लावू शकत नाही. धोका समाजाने वाटून घेतला म्हणून कंपन्यांना उडी मारता आली. मग नफ्यातला काही भाग ज्यांच्या डोंगरावर उड्या मारल्या जातात त्यांच्याकडे जावा, ही मागणी एवढी जगावेगळी का वाटावी? सायकलवाल्यांच्या जंगलाचं पाहा: २००८ च्या समझोत्याने मध्य उत्तर बेटातली सरकारी जंगलांची जमीन टोळ्यांच्या सामाईक मालकीत गेली, त्यात व्हाकारेवारेवाचं जंगलही आलं. पायवाटा चालूच आहेत, जागतिक स्पर्धा होतात. मालक बदलला म्हणून एकाही सायकलची साखळी निघाली नाही.

यावर एक कडू उत्तर येतं आणि ते टाळण्यात अर्थ नाही. मालकी टोळीकडे आली म्हणजे टोळीतल्या गरिबाकडे आली असं नव्हे. करोनाच्या काळात पर्यटक थांबले तेव्हा रोटोरुआच्या फेंटन स्ट्रीटवरची मोटेलं बेघरांचा आसरा झाली, आणि तिथे मुलाबाळांसह वर्षभर राहणाऱ्यांत माओरी कुटुंबंच जास्त होती. ज्यांच्या नावावर गाव विकलं जातं त्यांना गावात भाड्याचं घर मिळत नाही. टोळ्यांच्या ट्रस्टमध्येही आपल्या सहकारी साखर कारखान्यांसारखीच पुढारपणाची दुखणी असू शकतात. पण मोटेलातल्या कुटुंबाचा प्रश्न घेऊन जाब विचारायला आता एक दार तरी आहे, ज्यावर आपल्याच माणसाचं नाव आहे. १९०१ च्या सरकारी खात्याकडे कुणी जाब मागायला गेलं असतं का?

आपल्या बाजूला हे कळत नाही असं नाही. २०२५ मध्ये प्राडाने मिलानच्या रॅम्पवर कोल्हापुरी घालून मॉडेल चालवले आणि कुठे कोल्हापूरचं नाव घेतलं नाही, तेव्हा आपण केवढे खवळलो. कोल्हापुरी विकू नका, असं तेव्हा कुणी म्हणालं नव्हतं. नाव लावा आणि चर्मकाराला दाम द्या, एवढीच मागणी होती. माओरींनी ‘का माते’साठी २०१४ मध्ये नेमकं हेच कायद्यात लिहून घेतलं: व्यावसायिक प्रकाशनात किंवा चित्रपटात वापर कराल तर तो नाती तोआ टोळीचे प्रमुख ‘ते राउपराहा’ यांनी रचला, हे सांगायला लागेल. त्यात रॉयल्टी नाही, फक्त नाव. चपलेच्या वेळी ज्यांना हे पटलं, तेच रोटोरुआच्या जेवणाच्या टेबलावर ‘सगळं कमर्शियल’ म्हणून मान हलवतात तेव्हा मला प्रश्न पडतो की त्यांना खुपतंय काय, विक्री की विकणाऱ्याने स्वतः विकणं?

आणि हिशेब अजून पुरा झालेला नाही. २००६ च्या कायद्याने रोटोरुआ परिसरातल्या १३ तळ्यांचा तळ ते आरावांना परत मिळाला. तळावरचं पाणी आणि पाण्यावरची हवा यांचा थर मात्र सरकारने स्वतःकडे ठेवला. कायद्यात त्याला वेगळं नावच दिलंय. जेटबोटी त्या थरात धावतात आणि समुद्री विमानं त्याच थरावर उतरतात. त्याचं भाडं कुणाला, हा वाद ज्या दिवशी आपल्या टूरच्या बसमध्ये रंगेल, त्या दिवशी मी हाक्याच्या खरेपणाबद्दलही बोलायला तयार आहे.